उकळलेली ओळ

"मॅडम, खरं सांगू? तुमचा हा नवा माल मेलेला आहे."

तबस्सुम मुजावरने प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात शहाण्णव बारीक खळगे. ज्या खळग्यांत गुलाबी रंग यायला हवा होता, त्यांत नळाचं पाणी भरल्यासारखं दिसत होतं.

"तीनदा लावलं. तिन्ही वेळा हेच. जुना लॉट होता तेव्हा बघायचं होतं तुम्ही. राणी कलर यायचा, राणी कलर!"

मी काखेतला थर्माकोलचा खोका टेबलावर ठेवला. पहाटेच्या एसटीने निघून साडेअकराला पोचले होते आणि खोका वाटभर मांडीवर होता, कारण टपावर टाकला तर आतला बर्फ सांगलीपर्यंत टिकला नसता.

"म्हणून तर आले," मी म्हणाले.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी तेव्हा भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत होते. आम्ही माणसाची प्रथिनं बनवायचो. माणसाची म्हणजे माणसातून काढलेली नव्हेत. माणसाच्या जनुकाचा एक तुकडा बॅक्टेरियात घालायचा, बॅक्टेरिया वाढवायचे, आणि ते बिचारे आपलंच समजून ते परकं प्रथिन बनवत बसायचे. मग त्यांना फोडायचं, त्या रबरबाटातून आपल्याला हवं ते एकच प्रथिन वेगळं काढायचं, करंगळीएवढ्या बाटल्यांत भरायचं आणि वर लेबल लावायचं: 'फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. औषध नव्हे.' यातले शेवटचे दोन शब्द आमचे साहेब डॉ. खासनीस यांचे फार लाडके होते. "औषध नाही ना? मग कोणी मरणार नाही. निवांत राहा," असं ते आम्हाला सांगायचे आणि स्वतः खरोखर निवांत राहायचे.

तबस्सुम जे प्रथिन वापरायची त्याचा आमच्या यादीतला नंबर एच एकोणीस. पुस्तकांप्रमाणे त्याचं काम जखमा भरून आणायचं, बाकी काही नाही. तबस्सुमला दिसलं की ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही चेतवतं; पेशी चेतल्या की खळग्यात राणी रंग यायचा. हे आधी कोणी पाहिलं नव्हतं. मिरजेजवळच्या एका खाजगी संशोधन केंद्रात इनामदार सरांच्या हाताखाली तिने या एका गोष्टीवर पाच वर्षं घालवली होती. सहा आठवड्यांनी थीसिस द्यायचा होता. त्यानंतर तिचं रजिस्ट्रेशन संपत होतं आणि सर रिटायर होत होते. परदेशी मासिकाने तिचा पेपर घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त शेवटचा प्रयोग एकदा पुन्हा करून दाखवा म्हणाले होते. पुन्हा करायला घेतला तर जुना लॉट संपलेला आणि नवा हा असा.

मी खोक्याची चिकटपट्टी काढली. जेल पॅकच्या मधोमध तीन बाटल्या होत्या. एच एकोणीस, लॉट सात.

"सात!" तबस्सुम ओरडलीच. "संपला म्हणाला होता की हो तुम्ही फोनवर! कुठं सापडला?"

"फ्रीजरच्या तळाशी होत्या. तीनच आहेत."

हे खरं होतं. तिने एक बाटली उचलून कपाळाला लावली आणि मग आपण एका पाहुणीसमोर काय केलं ते लक्षात येऊन हसली. तीस वर्षांची असेल. बारीक, उंच, एप्रनच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या.

"मॅडम, एक विचारू? सात आणि आठ, दोन्ही तुम्हीच बनवलेत ना?"

"हो."

"मग फरक काय केलात?"

"काही नाही. पद्धत तीच."

"मग असं कसं?"

"होतं कधी कधी. लॉटा-लॉटात फरक पडतो."

आमच्या धंद्यात हे वाक्य फार उपयोगी आहे. ते बोललं की समोरचा मान हलवतो आणि पुढे विचारत नाही. तबस्सुमने मान हलवली नाही. ती बाटलीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "तुम्ही सरांकडे चहा घेऊन या. तोवर मी लावून टाकते. उद्या दुपारी एकला कळेल."

इनामदार सरांची खोली बघून मला आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांची आठवण झाली. काचेच्या कपाटात शाली, नारळाच्या आकाराची दोन सन्मानचिन्हं. माणूस वाईट नव्हता. स्वतः उठून त्यांनी माझ्यासाठी पंखा वाढवला.

"बत्तीस पोरं माझ्या हाताखाली डॉक्टर झाली, मॅडम. मुजावर तेहतिसावी आणि शेवटची. आणि सांगतो, सगळ्यांत चांगली." मग ते चहाच्या कपावरून हसले. "एकच खोड आहे. शंका फार काढते. मी म्हणालो, बाई गं, तू शंका काढत बसलीस तर मी रिटायर होऊन मरून जाईन आणि तुझी शंका शिल्लक राहील."

मीही हसले. चहा गोड होता.

परत आले तेव्हा प्लेट तयार होती. झाकणाखालून ओळी दिसत होत्या. मी सवयीने मोजल्या.

"चार कशा? नुसत्या पेशी एक, नवा लॉट दोन, जुना तीन."

"एक माझी आहे," तबस्सुम म्हणाली. "उद्या सांगते."

प्लेट तिने इन्क्युबेटरमध्ये सरकवली. टेबलावरचा ट्यूबा तापवायचा हीटिंग ब्लॉक चालूच राहिला होता. त्याचा लाल दिवा मी बटण दाबून बंद केला. त्यावर मी काहीच विचार केला नाही. पंधरा वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई, आणि चालू हीटिंग ब्लॉक बघून मला वीज वाचवायचं सुचलं.

मुक्कामाला मी लॉज बघून ठेवला होता. पण तबस्सुमने माझी पिशवी तिच्या स्कूटीच्या हुकाला अडकवली सुद्धा. "लॉजवर कशाला? अम्मीने सकाळीच सांगून ठेवलंय. तुम्ही आला नाही तर मला आत घ्यायची नाही."

त्यांचं घर मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीत. पुढच्या खोलीत तिचे वडील तंबोरे बनवायचे. आढ्याला वाळलेले मोठे भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि मधे मांडी घालून बसलेला एक पांढऱ्या दाढीचा, भिंगाचा चष्मा लावलेला माणूस. तंबोरा आडवा ठेवून ते एक तार छेडत होते आणि तोंड वाकडं करत होते.

"या, बसा की मॅडम. हे जरा दाखवतो. गवयाने परत पाठवलाय. म्हणतोय झणझणतोय. पण चार तारांतली कुठली झणझणतीय ते त्याला सांगता येईना."

"मग कसं कळतं?"

"एकेकीला गप्प करायची." त्यांनी एका तारेवर बोट ठेवलं आणि बाकीच्या छेडल्या. झणझण होतीच. दुसरीवर बोट ठेवलं. तरी होतीच. "बघा. जिच्यावर बोट ठेवल्यावर आवाज थांबेल, ती चोर." तिसरीवर बोट ठेवलं आणि आवाज स्वच्छ झाला. ते लहान मुलासारखे खूश झाले.

तबस्सुम दाराला टेकून बघत होती. हा प्रकार तिने लहानपणापासून हजारदा पाहिला असणार, तरी टक लावून बघत होती.

जेवायला भाकरी, डाळ आणि ताजी कुटलेली शेंगदाण्याची चटणी होती. मी घरून शंकरपाळ्यांचा डबा नेला होता, तो तिच्या आईच्या हातात दिला. त्या माझ्या ताटात चटणी वाढत राहिल्या.

"घ्या हो, लाजू नका. पोरगी तुमचं नाव लई घेती. पुण्याच्या मॅडमचं औषध आलं की काम होतंय म्हणती."

"औषध नाही ते, अम्मी," तबस्सुम म्हणाली.

"असूंदे की. मॅडम, दोन स्थळं हिनं परत लावली. आधी डॉक्टर होते म्हणती, मग काय ते बघा. हे काही बोलत न्हाईत, लाडकी हाय त्यांची. मी आई हाय, माझ्या जिवाला घोर." त्या माझ्याकडे बघून थांबल्या. "होईल न्हवं का हो पोरीचं?"

"होईल की," मी म्हणाले. "उद्या कळेलच."

आणि तिसरी भाकरी घेतली.

आता लॉट सातबद्दल सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय माझी ती भाकरी काय होती हे कळणार नाही.

बॅक्टेरियाच्या सालीत एक विष असतं. बॅक्टेरिया फोडले की ते विष आपल्या प्रथिनाला चिकटून येतं. डोळ्यांना दिसत नाही, वासाला येत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना मात्र त्याचा कण जरी लागला तरी त्या पेटून उठतात. म्हणून प्रथिन एका खास द्रावणाने खूप वेळ धुवावं लागतं. त्यात दीड दिवस जातो आणि तिसरा हिस्सा प्रथिन वाहून जातं. लॉट सात मी त्याच्या पाच वर्षं आधी, तबस्सुमने काम सुरू केलं त्या वर्षी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात केला. खासनीस साहेबांना एकतीस तारखेच्या आत पन्नास बाटल्या बाहेर काढायच्या होत्या. धुवून काढल्या असत्या तर चौतीस झाल्या असत्या आणि दोन एप्रिल उजाडली असती. मी धुतलं नाही.

पुढचं जास्त वाईट आहे. विष किती आहे हे मोजायची एक चाचणी असते. तिचं किट बर्फात यावं लागतं, आमच्या किटचा बर्फ कुरिअरमध्येच वितळून गेला होता. नवीन यायला तीन आठवडे. मी लॉट सहाचं सर्टिफिकेट समोर घेतलं, त्यातला आकडा लॉट सातच्या सर्टिफिकेटवर उतरवला आणि खाली सही केली. तारीखसुद्धा घातली. साहेबांनी विचारलं, "झालं का?" मी म्हणाले, "झालं." त्यांनी आणखी काही विचारलं नाही आणि मी आणखी काही सांगितलं नाही.

लॉट आठ मी निवांतपणे केला. धुतला, मोजला, पुन्हा धुतला. माझ्या हातून झालेली ती सगळ्यांत स्वच्छ बॅच. तिच्याबद्दलच तबस्सुमची तक्रार आली की हा माल चालत नाही. ती मेल वाचून मला कळायला एक मिनिट लागलं नाही. तिच्या पेशींना एच एकोणीस कधी चेतवतच नव्हतं. मी न धुतलेली घाण चेतवत होती. तिची पाच वर्षं माझ्या दीड दिवसावर उभी होती.

मी साहेबांना सांगितलं. खरंच सांगितलं, केबिनचं दार लावून. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"सात किती लॅबना गेलाय?"

"चाळीसेक."

"चाळीस ठिकाणी पत्रं लिहायची आहेत का तुला? तुझ्या सहीने?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "वृंदा, त्या मुलीला काय हवंय? जुना लॉट हवाय. आपल्याकडे आहे का? आहे. देऊन ये. ती खूश, आपण खूश. औषध नाही ना ते? कोणी मरतंय का?"

मी निघाले. थर्माकोलच्या खोक्यात जेल पॅक नीट लावले.

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला तबस्सुमने प्लेट बाहेर काढली आणि रंगाचं द्रावण घातलं. दहा मिनिटं थांबायचं होतं. ती घड्याळाकडे बघत नव्हती, प्लेटकडे बघत होती.

पहिली ओळ, नुसत्या पेशी. कोरी. दुसरी, माझा स्वच्छ नवा लॉट. कोरी. तिसरीत आधी कडेचा एक खळगा लाजल्यासारखा झाला, मग दुसरा, आणि बघता बघता अख्खी ओळ राणी रंगाने भरली.

मी सुटकेचा श्वास सोडला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तो सुटकेचाच होता.

मग चौथी ओळही तशीच झाली. तेवढीच गडद.

"ही कुठली?" मी विचारलं.

"सातच," तबस्सुम म्हणाली. "अर्धा तास उकळलेला."

मी चौथ्या ओळीवर वाकले.

"अंडं उकडलं की त्यातून पिल्लू निघत नाही, मॅडम. प्रथिन उकळलं की त्याचं काम संपलं. ही ओळ कोरी यायला पाहिजे होती. आली नाही. म्हणजे जे काम करतंय ते उकळलं तरी मरत नाही." तिने प्लेट हळूच खाली ठेवली. "बॅक्टेरियाचं विष मरत नाही."

"हे कधी सुचलं तुला?"

"आठवा लॉट चालला नाही तेव्हा. सगळे म्हणत होते, नवा बिघडलाय. माझ्या मनात आलं, जुनाच बिघडलेला असला तर? पण उकळून बघायला सात शिल्लकच नव्हता. तुम्ही आणलात म्हणून झालं." ती थोडी हसली. "अब्बा करतात तसं केलं. प्रथिनाला गप्प केलं. तरी झणझणतंयच."

मी खुर्ची ओढून बसले.

"पण मॅडम, सर्टिफिकेटवर तर विष नाही म्हणून लिहिलंय. तुमचीच सही आहे. तुम्ही मोजलं होतंत ना?"

"मोजलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर विश्वास ठेवायचा ती मनापासून प्रयत्न करत होती, ते दिसत होतं. मग तिने प्लेट उचलली.

"सरांना दाखवते."

"थांब," मी म्हणाले. "तबस्सुम, सहा आठवडे राहिलेत तुझे."

"म्हणून तर आत्ता. सहा आठवड्यांनी सांगून काय उपयोग?"

सर आले ते टाळी वाजवतच. तिसरी ओळ त्यांना दारातूनच दिसली होती. "झालं! अरे वा, झालं की! मुजावर, फोटो काढ आधी. आजच पाठवून देऊ."

"सर, चौथी बघा."

तिने सांगितलं. कमीत कमी शब्दांत, एकदाच. सर ऐकता ऐकता स्टुलावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद एकदम गेला नाही, थोडा थोडा उतरला.

"पाण्यात घाण असेल."

"पाणी चारही ओळींना तेच आहे, सर. पहिली कोरी आहे."

"ज्या ट्यूबमध्ये उकळलंस ती?"

"नवी. पाकिटातली. आठवा लॉटही तशाच ट्यूबमध्ये उकळून शेवटच्या चार खळग्यांत घातलाय. तेही कोरे आहेत."

तिने काही सोडलं नव्हतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते उठले, कपाटातून फाइल काढली, आणि लॉट सातचं सर्टिफिकेट माझ्यासमोर ठेवलं. माझी सही निळ्या शाईत होती.

"मॅडम, तुम्ही स्वतः बनवलाय हा लॉट. इथे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. तुम्हीच सांगा. यात विष आहे?"

तबस्सुम माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. मला खरं उत्तर माहीत आहे आणि मी ते देणार, याची तिला खात्री होती. मी 'हो' म्हटलं असतं तर थीसिस गेला असता, पण ती खरी ठरली असती. पाच वर्षांचं हे काम बुडालं असतं, आणि ते का बुडालं हे शोधून काढणारी मुलगी म्हणून तिला कोणीतरी उद्या दारात उभं केलं असतं. एका शब्दाचं काम होतं.

"सर्टिफिकेट आहे, सर," मी म्हणाले.

"म्हणजे स्वच्छ आहे."

"हो."

"आणि हा नवा लॉट? तो का चालत नाही?"

"त्यात आमच्याकडूनच काहीतरी चुकलंय. आम्ही परत घेतो."

माझ्या हातून झालेली एकमेव निर्दोष बॅच मी माझ्या तोंडाने खराब ठरवली.

सरांना इतकं बरं वाटलं की ते तबस्सुमशी प्रेमाने बोलू लागले. "ऐकलंस ना? दमलीयस तू. हातून होतं असं. ही चौथी ओळ तू लावलीच नाहीस असं समज."

"लावली की, सर."

"मुजावर."

"वहीत लिहिलंय मी. काल लावायच्या आधीच लिहिलंय."

"मग ते पान काढून टाक."

"पानांना नंबर आहेत, सर."

मग सरांनी फाइल मिटली, मला हात जोडले आणि प्रवास नीट करा म्हणून ते गेले. जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

मी पाहुणी होते, म्हणून तबस्सुम मला स्टँडवर सोडायला आली. लॉट आठच्या उरलेल्या बाटल्या परत नेते असं मी म्हणाले, तर ती म्हणाली, राहू द्या, खोक्याबरोबर पाठवते. जेल पॅक पुन्हा गोठवायला रात्र लागेल. आम्हाला आमचे खोके परत लागायचे, ही आमच्या कंपनीची पद्धतच होती. गाडी लागली होती. मी खिडकीशी बसले. ती खाली उभी, ओढणी हेल्मेटमध्ये कोंबलेली.

"मॅडम."

"काय गं?"

"मी कोणाला सांगणार नाही. आता माझं कोणी ऐकणारही नाही. फक्त मला कळू दे. माझा हात चुकला का?"

मी पिशवी मांडीवर घेतली.

"तुम्ही मोजलं होतं का?"

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलायला अजून वेळ होता. ड्रायव्हर खाली पानाच्या टपरीवर होता आणि त्याला मी बघत होते. पुरे दोन मिनिटं होती माझ्याकडे.

"गाडी निघतेय," मी म्हणाले.

तिने मान हलवली. समजलं अशी. मग हात उंच करून, पाहुण्यांना करतात तसा, निरोप केला.

आठ दिवसांनी कुरिअरने खोका आला. जेल पॅक धुवून पुसलेले. लॉट आठच्या बाटल्या. लॉट सातच्या तीनांपैकी दोन तिने वापरल्या होत्या, तिसरी सील न उघडता परत पाठवली होती. आणि माझा शंकरपाळ्यांचा डबा. मी तो विसरूनही गेले होते. डबा जड लागला. झाकण उघडलं तर शेंगदाण्याच्या चटणीने काठोकाठ भरलेला. डबा रिकामा परत करायची त्या घरात पद्धत नव्हती. वर वहीच्या कागदाची चिठ्ठी होती.

'मॅडम, सातची एक उरली, ती तुमची तुमच्याकडे. चटणी अम्मीने दिली आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही. तबस्सुम.'

बाटली मी फ्रीजरच्या तळाशी ठेवली. उकळून बघितली नाही, काय दिसणार ते मला पाठ होतं. चाळीस पत्रं लिहिली नाहीत. चटणी खाल्ली. पहिल्या दिवशी घास गिळवला नाही, दुसऱ्या दिवशी गिळला, आणि पंधरा दिवसांत डबा संपला.

तिने थीसिस दिलाच नाही. रिटायर होऊनही सरांनी दोनदा मुदत वाढवून आणली, ती आली नाही म्हणे. मिरजेतल्या एका शाळेत ती दहावीला विज्ञान शिकवते, असं पुढे त्यांच्याच एका विद्यार्थ्याकडून कळलं. त्याने ते हळहळत सांगितलं. फार हुशार होती, पण शेवटी हात बिघडला, असं तो म्हणाला. ही गोष्ट त्या लॅबमध्ये अशीच सांगितली जाते. साहेबांचं म्हणणं तेवढं खरं निघालं. मेलं कोणी नाही.

पेपर मात्र आला. पुढच्या वर्षी, परदेशी मासिकात, तिसऱ्या ओळीच्या फोटोसकट. चौथी ओळ कापलेली होती. खासनीस साहेबांनी तो लॅमिनेट करून रिसेप्शनमध्ये लावला आणि आम्हा सगळ्यांना पेढे दिले. मी पेढा हातात धरून उभ्या उभ्या वाचला. लेखकांत इनामदार सर होते आणि मी कधी न पाहिलेली दोन नावं होती. आत बारीक अक्षरांत आमच्या कंपनीचं नाव होतं, एच एकोणीस होतं, पुढे लॉट सात. तबस्सुमचं नाव मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा शोधलं. कुठेच नव्हतं.

शेवटी आभार होते. एकाच व्यक्तीचे. ऐन वेळी साहित्य पुरवून आणि प्रयोगाच्या वेळी स्वतः हजर राहून त्याच्या शुद्धतेची खात्री दिल्याबद्दल, श्रीमती वृंदा टिळेकर यांचे.